शाळेपर्यंतची तार

९ जानेवारी १९७२, रविवार
सोनई

आज ठरवलं. आईच्या खाटेपासून शाळेच्या शिक्षक-खोलीपर्यंत तार टाकायची.

काल मी नववीच्या वर्गावर असताना आईला उलटी झाली. दिवाळीनंतर तिची उजवी बाजू गेली, तेव्हापासून आवाजही गेल्यासारखाच आहे. शब्द कळतात, पण शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाहीत. तिने किती हाका मारल्या कोण जाणे. भांडी घासायला येणारी भीमाबाई मागच्या दारी होती म्हणून निभावलं. मी घरी आलो तेव्हा आई स्वच्छ लुगडं नेसून पडली होती आणि भीमाबाई तिच्या पायथ्याशी बसून कुणाच्या तरी लग्नाची हकीकत सांगत होती.

शाळा घरासमोरच आहे, मधे फक्त मैदान. हाक ऐकू आली तर मी धावत तिच्यापाशी पोचू शकतो. म्हणजे प्रश्न फक्त आवाज मोठा करण्याचा आहे, आणि ते मला येतं. वीस वर्षं रेडिओ उघडतोय, जोडतोय.

धाकट्याचं, रविकांतचं, पत्र आलंय. आईला मुंबईला आणावं असं त्याला आणि प्रेमलाला वाटतं. इस्पितळ जवळ, प्रेमला दिवसभर घरी, नीलांबरीला आजी मिळेल, वगैरे. त्याच्या त्या दोन खोल्यांत आई काय करणार? इथली हवा तिला मानवते. मी तिला पत्र वाचून दाखवलं. मुंबईचा मजकूर गाळला. उगाच जिवाला घोर.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीची सुटी. सकाळपासून टेबलापाशी.

जुन्या रेडिओचा लहान स्पीकर उलटा जोडला की तोच मायक्रोफोन होतो. तो आईच्या उशाशी. पुढे तीन ट्रान्झिस्टरांचं अॅम्प्लिफायर. माझी पद्धत जुनीच: पुस्तकातला आराखडा घ्यायचा, जोडायचा, मग एकेक रेझिस्टन्स काढून दुसरा लावत जायचं, आवाज स्वच्छ आणि मोठा होईपर्यंत. कान हेच मीटर.

रविकांतला मी हेच शिकवलं होतं. तो तेव्हा सहावीत. वडील, नाना, नुकतेच गेले होते आणि तो कुणाशी बोलत नव्हता. मी त्याला टेबलाशी बसवायचो आणि तारांना कथिलाचा डाख कसा द्यायचा ते दाखवायचो. धूर डोळ्यांत जायचा, दोघांच्याही. महिनाभर आम्ही व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर याशिवाय काही बोललो नाही, पण तो जेवायला लागला.

दुपारी भीमाबाई तिळगूळ घेऊन आली आणि आईपाशी बसली. चाचणीला शांतता हवी होती. तिला दोनदा गप्प राहायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती उठून गेली. मग मी दुसरा स्पीकर घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि तिथूनच आईला म्हटलं, काहीतरी बोल.

आई म्हणाली, "काय बोलू?"

अगदी स्पष्ट! कानाशी बोलल्यासारखं. दिवाळीनंतर पहिल्यांदा तिचा आवाज मला आईचा वाटला.

२३ जानेवारी, रविवार

तार टाकून झाली. व्यायामाचे शिक्षक काकासाहेब कडुनिंबावर चढले, नाहीतर माझ्याच्याने ते होणार नव्हतं. अॅम्प्लिफायर माळ्यावर ठेवलं, पत्र्याच्या लगत, म्हणजे मांजर किंवा भीमाबाई कुणाचा हात लागायला नको. शिक्षक-खोलीत माझ्या कपाटावर स्पीकरचं लाकडी खोकं. काकासाहेब म्हणाले, "मास्तर, आता घरात पाल चुकचुकली तरी हितं कळायचं."

रविकांतला आराखडा पाठवला. त्याला बघू दे.

२५ जानेवारी, मंगळवार

यंत्र उत्तम चाललंय. जरा जास्तच.

काल माझ्या मोकळ्या तासाला आई बोलायला लागली. भीमाबाईच्या म्हशीला रेडी झाली. मग खिडकीतून दिसणाऱ्या कुत्र्याबद्दल. मग नाना राहुरीला नोकरीला असताना नदीला पूर आला होता ते. "मार्तंडा, ऐकतोयस ना?" असं मधूनमधून. खोलीत सहा शिक्षक बसलेले. कुणी हसू दाबत होते, कुणी दाबत नव्हते. मी उठून बटण फिरवलं आणि आवाज बारीक केला.

संध्याकाळी तिला समजावलं, "आई, हे गरजेपुरतं आहे. पाणी हवं, बरं वाटत नाही, असं काही असेल तर बोलायचं. तिथे सगळे असतात."

"मला वाटलं तू एकटाच असतोस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तू बोललेलं मला ऐकू नाही यायचं का रे?"

"नाही. त्याला वेगळी जोडणी लागते. त्याची काही गरज नाही."

ती बरं म्हणाली.

भीमाबाईलाही सांगून टाकलं, आता तिने इथे बसून राहायला नको. तिची बडबड सारखी तारेतून येते.

"म्हंजी मी यिऊच नको?"

"भांड्यांना या की. बसायची गरज नाही एवढंच."

"काकूला इचारलं का तुमी?"

असल्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार. घर माझं आहे.

६ फेब्रुवारी, रविवार

रविकांतचं जाड पाकीट. आत कडेला भोकं असलेला लांबलचक घडीचा कागद, त्यावर आकडेच आकडे. त्याच्या संस्थेत मोठा कॉम्प्युटर आहे हे माहीत होतं. पण त्याने माझं अॅम्प्लिफायर त्याच्या पोटात घातलं! एकेक रेझिस्टन्स, एकेक ट्रान्झिस्टर कार्डावर भोकं पाडून लिहायचा, ती कार्डं यंत्राला द्यायची, आणि प्रोग्रॅम सांगतो कुठे किती वीज वाहील. काहीही न जोडता. त्याने लिहिलंय, "दादा, डाख न देता सर्किट तपासता येतं. तुला गंमत वाटेल."

मला गंमत वाटली नाही.

पुढे लिहितो: वीस अंश तापमानाला सर्किट झकास आहे. पस्तिसाला बरं आहे. पंचेचाळिसाच्या पुढे दुसरा ट्रान्झिस्टर तापेल, तापला की त्यातून जास्त वीज वाहील, जास्त वाहिली की आणखी तापेल, आणि शेवटी जळेल. उपाय सोपा, एक रेझिस्टन्स वाढवायचा आणि एक बदलायचा. आवाज थोडा कमी होईल. शेवटी: "उन्हाळ्याआधी कर. पत्र्याखाली ठेवलंयस म्हणून म्हणतो."

चार पानी पत्रात आईबद्दल दोन ओळी. बरं, दोनच ओळी म्हणायच्या तर सोबत नीलांबरीने काढलेलं आजीचं चित्रही आहे. लाल खडूने एक वाटोळं आणि त्याला खूप हात.

१३ फेब्रुवारी, रविवार

त्याचा बदल करून पाहिला. आवाज थोडा नाही, चांगलाच कमी होतो. आईचं बोलणं पुन्हा लांबून आल्यासारखं. काढून टाकला. पहिलं होतं तसं जोडलं.

रविकांतला लिहिलं, तुझ्या यंत्राने आईचा आवाज ऐकलेला नाही. मी ऐकलाय. माझ्या माळ्यावर हे अॅम्प्लिफायर तीन आठवडे रात्रंदिवस चालू आहे आणि कोमटसुद्धा होत नाही. जे समोर चाललंय ते खरं की कागदावरचं?

पत्र टाकून आल्यावर वाटलं, शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं.

त्याने शेवटचा डाख कधी दिला असेल?

२ मार्च, गुरुवार

दहावी-अकरावीची धावपळ. यंत्राची काहीच तक्रार नाही. आईला आता सवय झाली, विनाकारण बोलत नाही. सबंध आठवडा तारेतून फक्त बारीक घरघर आणि चिमण्या. काकासाहेब म्हणाले, "काकू लई शांत झाल्या." मीही तेच म्हणतो.

१९ मार्च, रविवार

ऊन एकदम वाढलं. आई जेवत नाही. दोन घास खाऊन तोंड फिरवते.

दुपारी तिने विचारलं, "नीला आता सगळं बोलत असेल ना?"

"तीन वर्षांची झाली. बोलणारच."

"मला बघितलेलं आठवत असेल का तिला?"

मी म्हटलं, चित्र काढलंय की तुझं. तिने ते मागितलं. डाव्या हाताने बराच वेळ धरून बसली, मग उशीखाली ठेवायला लावलं. मी विषय बदलला, नाहीतर तिने मुंबईचं काढलं असतं. तिथल्या दमट हवेत तिचं काय होईल याची तिला कल्पना नाही. आणि इथे मी आहे. तिचं अंग पुसणं, पाठ चोळणं, औषध, मी एकदाही चुकवलेलं नाही. चार महिन्यांत मी एका गावाला गेलो नाही की कुणाच्या घरी जेवलो नाही. आम्ही दोघं एकमेकांना पुरे आहोत.

बाजारातून येताना पाहिलं तर भीमाबाई आमच्या खिडकीबाहेर उन्हात उभी राहून गजातून आईशी बोलत होती. मला बघून डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि गेली.

रविकांतचंही पत्र आहे. तापमानाचं पुन्हा एकदा लिहिलंय. "सर्किटचं राहू दे, तुला पटत नसेल तर. पण आईचं काय ते कळव." कळवतो.

१२ एप्रिल, बुधवार

काल लिहिता आलं नाही.

काल दुपारच्या सत्रात आठवीच्या गणिताच्या पेपरला माझी देखरेख होती. बाहेर नजर ठरत नव्हती. मधे मी शिक्षक-खोलीत पाणी प्यायला गेलो आणि खोक्याला कान लावला. काही नाही. वाटलं, आई झोपली. नेहमीची बारीक घरघरही येत नव्हती, हे मला कळलं होतं. मला ते बरंच वाटलं. म्हटलं, आज आवाज अगदी स्वच्छ आहे.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत असताना भीमाबाई मैदानातून पळत आली. शाळेच्या दारात उभी राहून ओरडली, "मास्तर, काकू खाली पडल्यात! दार आतून लावलंय का काय तुमी?"

दार बाहेरून ओढून घेतलेलं असतं, कडी जरा अडकते, तिला उघडेना. मी आणि काकासाहेब धावलो.

आई खाटेखाली उजव्या अंगावर पडली होती. तांब्या कोपऱ्यात गेलेला, जमीन केव्हाच वाळली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. डोळे उघडे. आम्ही तिला उचललं तेव्हा तिचं अंग भट्टीतून काढल्यासारखं. भीमाबाईने पदर भिजवून तिच्या तोंडात थेंब थेंब पिळला. डॉक्टर आले. हाड मोडलेलं नाही, मनगट लचकलंय, उष्म्याचा झटका, थोडं आणखी झालं असतं तर हाती लागल्या नसत्या, म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर भीमाबाई माझ्याकडे वळली. कधी एवढ्या चढ्या आवाजात बोलली नव्हती.

"तुमचं यंत्र कुटं गेल्तं मास्तर?"

 ती रडत होती. "मला रोज दिसायच्या खिडकीतनं. आज दिसल्या न्हाईत म्हनून वाकून बघितलं. मी आपली भ्याले यायला, तुमी रागावता म्हनून."

आई रात्री पहिल्यांदा बोलली. "मी हाक मारली होती रे," एवढंच. तक्रार म्हणून नाही. मला वाटतं तिला भीती होती, तिने हाक मारली नाही असं मी म्हणेन.

१४ एप्रिल, शुक्रवार

यंत्र खाली काढलं. दुसरा ट्रान्झिस्टर मेला आहे. सेल गळून त्यांचं पाणी तळाशी पसरलंय. शाळेतला थर्मामीटर माळ्यावर नेऊन ठेवला. दुपारी पारा पन्नाशीच्या वर. रविकांतने लिहिलं होतं तसंच, त्याच क्रमाने, तोच ट्रान्झिस्टर.

मी टेबलावर जे पाहिलं ते खोटं नव्हतं. जानेवारीत ते चालतच होतं. त्याच्या यंत्राने एप्रिल आधी बघून ठेवला होता, आणि मला फक्त समोरचा दिवस ऐकू येत होता.

मला त्याचं म्हणणं समजलं नव्हतं असं नाही. वीस वर्षं विज्ञान शिकवतोय. मला समजलं होतं. त्याने सांगितलेलं बरोबर निघू नये असं मला वाटत होतं.

रविकांतला तार केली.

१७ एप्रिल, सोमवार

तो काल आला. एस.टी.तून उतरून सरळ आत गेला, आईच्या खाटेशी जमिनीवर बसला आणि तिचा डावा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. मी स्वयंपाकघरात चहा करत राहिलो. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य केव्हा येतं याची वाट बघत होतो. दिवसभर आलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसलो. त्याचे केस कानशिलावर पांढरे झालेत.

मीच म्हटलं, "तुझे आकडे बरोबर होते."

"मला बरोबर ठरायचं नव्हतं, दादा."

"आवाज कमी झाला असता रे. मला तिचा आवाज मोठा हवा होता."

"माहीत आहे." मग थांबून, "तू आईला मुंबईचं विचारलंस? मी दर पत्रात लिहीत होतो."

"तिला नाही मानवणार."

"विचारलंस का?"

 तो उठून आत गेला. मीही गेलो, का ते माहीत नाही. त्याने दिवा मोठा केला नाही, काही नाही, खाटेच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "आई, आमच्याकडे येतेस राहायला? का इथेच बरं वाटतं? तू सांगशील ते."

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ.

"मार्तंडा, रागावू नकोस," ती म्हणाली. एकेक शब्द जुळवत. "तू खूप केलंस. पण मला माणसांत राहायचंय. मी तुझ्या यंत्रात इतकं बोलले. कुणी हं म्हणत नाही रे."

मी म्हटलं, "मी का रागावू?" आणि दूध तापवायला गेलो. दूध आधीच तापलेलं होतं.

१९ एप्रिल, बुधवार

आज एक विचित्र दुपार गेली.

डॉक्टर म्हणतात, शनिवारपर्यंत आईला हलवू नका. भीमाबाई सकाळपासून तिच्यापाशी असते. दोघींचं बोलणं सुरू आहे. आई किती बोलते! रविकांतने पिशवीतून एक पुडी काढली. नवे ट्रान्झिस्टर, रेझिस्टन्स. म्हणाला, "आणलेतच, तर जोडू या?"

आम्ही टेबलापाशी बसलो. त्याच्या कागदावरचे आकडे तो वाचत होता, मी डाख देत होतो. मग त्याला द्यायला लावला. हात विसरलेत त्याचे. बोट भाजून घेतलं, कथिलाचा गोळा टेबलावर सांडला. "सहावीतसुद्धा बरा होतास," मी म्हटलं.

त्याच्या आकड्यांप्रमाणे सगळं झालं. भर दुपारी माळ्यावर नेऊन ठेवलं. पत्रा हात लावू देत नव्हता. आम्ही खाली घामाघूम उभे. तासाभराने पाहिलं तर ट्रान्झिस्टर फक्त उबदार. शाळेत जाऊन खोकं लावलं. परीक्षा संपून ओस पडलेली शाळा, रिकामी खोली. आईचा आवाज आला, आधीपेक्षा लहान, पण आला. मात्र त्याच्यावर मोठी गुणगुण. पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली की गुणगुण, बंद की बंद.

रविकांतने कागद उलटापालटा केला. "गिरणी मी प्रोग्रॅममध्ये घातलीच नाही," म्हणाला.

मग माझी पाळी. मी घरी, तो शाळेत. मी एक कंडेन्सर इथे लावून बघ, तिथे लावून बघ, तारांना पीळ दे, असं करत राहिलो आणि तो मैदानापलीकडून हात हलवून सांगत राहिला: वाढली, कमी झाली, वाढली. शेवटी त्याने दोन्ही हात वर केले. गुणगुण गेली. का गेली हे ना त्याला सांगता आलं, ना मला.

आम्ही त्यावर हसलो. बऱ्याच वर्षांनी. तो म्हणाला, "तू मुंबईला असतास तर आपण—" आणि पुढे बोलला नाही. मीही विचारलं नाही.

आई शनिवारी जाणार. अख्खी दुपार आम्ही त्या खोक्यावर घालवली, आणि आता ते कशासाठी, हे दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही.

२२ एप्रिल, शनिवार

रविकांतने नगरहून टॅक्सी आणली. आईला मी उचलून ठेवलं. तिचं वजन काहीच राहिलेलं नाही. भीमाबाईने डब्यात दशम्या दिल्या, आईच्या कपाळाला कुंकवाऐवजी अंगारा लावला. दोघी काही बोलल्या, मला ऐकू आलं नाही.

रविकांत म्हणाला, "मे महिना मोकळा आहे तुला. चल."

पेपर तपासायचेत म्हटलं.

टॅक्सी वळेपर्यंत आईने मान मागे वळवायचा प्रयत्न केला. ती बाजू तिला वळत नाही.

३० एप्रिल, रविवार

निकाल लावले. शाळेला सुटी लागली.

घरात शिरताना अजून 'आलो गं' म्हणतो.

७ मे, रविवार

रविकांतचं कार्ड. आई बरी आहे, प्रेमलाने तिला गॅलरीत खुर्ची घालून दिली आहे. नीलांबरी तिला भाताचा घास भरवते आणि तिने तोंड उघडलं नाही तर रागावते. हवा मानवली आहे.

म्हटलं, आता तार काढून टाकावी. सुटीत कुणी नाही, पावसाळ्यात उगाच लोंबत राहायची. ऊन कलायच्या आधीच शाळेत गेलो. शिक्षक-खोली उघडली. सगळ्या खुर्च्या टेबलावर उलट्या घातलेल्या. खोकं खाली घ्यायच्या आधी सहज बटण फिरवलं. घरातलं यंत्र चालूच होतं. रविकांत गेल्यापासून मी ते बंद केलं नव्हतं.

घर ऐकू आलं. पत्रा तडकल्याचा आवाज. वाऱ्याने खिडकीचं दार हललं ते. एक चिमणी आत येऊन पुन्हा बाहेर गेली. काहीही गुणगुण नाही, इतकं स्वच्छ सर्किट मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. मी एक खुर्ची खाली घेऊन बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझं घर मी नसताना कसं असतं ते मला माहीत नव्हतं. मी असताना असतं तसंच असतं.

मग कडी वाजली. ती अडकते, ती झटकून उघडल्याचा आवाज. आणि भीमाबाईचा आवाज, कपाटावरून, एवढा जवळ की मी उठून उभा राहिलो.

"मास्तर! ओ मास्तर! हाय का घरात?"

मी म्हणालो, "आहे, आहे!" रिकाम्या खोलीत. मोठ्याने.

"कुटं गेलं म्हनायचं ह्या उनात," ती स्वतःशीच म्हणाली. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "जेवलंय का न्हाई कुनाला ठाव. मास्तर!"

"थांबा, आलो," मी पुन्हा म्हणालो, आणि मग लक्षात आलं की मी कितीही ओरडलो तरी तिला ऐकू जाणार नाही. मीच तसं केलं होतं. पावलं दाराकडे निघाल्यासारखी वाटली.

मी चपला न घालताच पळालो. मैदान तापलेलं होतं, पाय भाजत होते, आणि चव्वेचाळीस वर्षांचा माणूस आपल्याच घराकडे 'भीमाबाई, भीमाबाई' असं ओरडत पळतोय हे कुणी पाहिलं असेल तर पाहो. ती ओट्याच्या पायरीवर पोचली होती. माझ्याकडे बघून घाबरली.

"काय झालं? काकूचं काय तार-बिर?"

"नाही, नाही. बरी आहे. पत्र आलंय." मला धाप लागली होती. "तुम्ही हाक मारलीत ना."

"व्हय, पन तुमी तर तिकडं हुता."

मी तिला काही समजावलं नाही. तिने शेवग्याच्या शेंगांची आमटी आणली होती, झाकणीवर दोन भाकरी. "सकाळपासनं धूर न्हाई निघाला तुमच्या घरातनं," म्हणाली आणि जायला वळली.

"बसा ना," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली. जणू नीट ऐकू आलं नसावं. "बसू?"

"बसा. जरा बसा."

ती उंबऱ्याशी टेकली. मी जेवायला घेतलं.  मग तिने विचारलं, मुंबईत काकूंशी बोलायला कोण असतं. मी सांगितलं. मग ती तिच्या थोरल्या मुलीबद्दल बोलायला लागली, जिला घोडेगावला दिलीय. सासू कशी आहे, दीर कसा आहे, पहिलं बाळंतपण कुणी करायचं यावरून काय झालं. त्यातली निम्मी माणसं मला कळली नाहीत. कोण कुणाचा दीर ते मी मधे विचारलं, तेव्हा तिने हाताची बोटं धरून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

ती बोलत होती आणि मी दर थोड्या वेळाने हं म्हणत होतो.